थेंब मुळाशी पडला पाहिजे

अंगण आणि परसबाग

जून-जुलैत लावलेल्या झाडाचे कौतुक सगळेच करतात. खड्डा खणायला घरातली मुले पुढे असतात, आजोबा हळद-कुंकू वाहतात, शेजारी येऊन बघून जातात. पुढचे चार महिने झाडाला सांभाळण्याचे काम पाऊसच करतो. त्याची खरी परीक्षा होळीनंतर सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालते. या तीन-साडेतीन महिन्यांत कितीतरी रोपे वाळतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते.

ज्यांच्या गावी थोडी जमीन आहे, म्हातारे आई-वडील तिथे राहतात आणि मुले नोकरीसाठी दूर आहेत, अशा घरांत ही अडचण नेहमीची. मुले सुट्टीत येतात, उत्साहाने वीस-पंचवीस कलमे लावतात आणि परत जातात. मग उन्हाळ्यात कळशी उचलण्याचे काम सत्तरीच्या माणसांवर पडते. अशा वेळी कोणीतरी सुचवते, “ठिबक बसवून टाका, म्हणजे काळजी मिटेल.”

सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. ठिबक बसवल्याने पाणी वाहून नेण्याचे श्रम वाचतात. झाड वाचते ते मात्र थेंब मुळाशी पडला तरच. आणि मूळ एका जागी थांबत नाही. म्हणून यंदा बसवलेली तोटी पुढल्या वर्षी त्याच जागी असेल, तर तिचा उपयोग कमी होत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवून नव्या झाडांचे ठिबक कसे बसवावे, ते आज पाहू.

कल्पना नवी नाही

वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती लावतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. बारीक छिद्राचे भांडे वर टांगायचे आणि थेंब थेंब पाणी पडू द्यायचे. अनेक घरांत उन्हाळ्यात तुळशीवरही अशीच गळती बांधतात. थोडे पाणी, सावकाश, नेमक्या जागी, हेच ठिबकाचे तत्त्व.

मेघालयात जयंतिया टेकड्यांतले शेतकरी बांबूच्या पन्हळींतून झऱ्याचे पाणी पानवेली आणि मिरीच्या वेलांपर्यंत आणतात. ही रीत दोनशे वर्षांहून जुनी मानली जाते. सुरुवातीला मिनिटाला १८ ते २० लिटर वाहणारे पाणी शेकडो मीटरचा प्रवास करून वेलीच्या बुडाशी पोचते, तेव्हा ते मिनिटाला २० ते ८० थेंब एवढेच उरलेले असते. तेथे ना पंप, ना प्लॅस्टिक. उतार आणि बांबू एवढ्यावर काम चालते.

आजच्या प्लॅस्टिकच्या तोटीचे श्रेय इस्रायलमधील पाणी-अभियंता सिम्चा ब्लास यांना देतात. गळक्या नळाशेजारचे एक झाड आसपासच्या झाडांपेक्षा खूप मोठे झालेले त्यांनी पाहिले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९६५ मध्ये हात्झेरिम या सामूहिक वसाहतीबरोबर त्यांनी त्याचा कारखाना सुरू केला. आपल्याकडे जळगावची केळी आणि सोलापूरचे डाळिंब यांनी ठिबक घराघरांत माहीत करून दिले. शेतातली हीच पद्धत वीस झाडांच्या परसालाही लागू पडते. फक्त तिचे माप लहान करायचे.

आधी मे महिन्याचा हिशेब

नळी विकत आणण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. आपल्याकडे जूनमध्ये किती खड्डे होतील, यापेक्षा मे महिन्यात किती पाणी देता येईल हे महत्त्वाचे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ठिबक पाणी वाचवते, पाणी निर्माण करत नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात कोरड्या भागात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला साधारण दहा मिलिमीटर उडून जाते. आता तुमच्या रोपाचा घेर दोन फूट असेल, तर त्याची सावली चौरस मीटरच्या जेमतेम पाव भागावर पडते. म्हणजे त्याची गरज दिवसाला तीन लिटरच्या आसपास. उघड्यावर एकटे उभे असलेले झाड आणि गरम वारा लक्षात घेऊन पहिल्या उन्हाळ्यात चार ते पाच लिटर धरावे. दुसऱ्या उन्हाळ्यात घेर चार फूट झाला, तर आठ ते बारा लिटर. तिसऱ्या वर्षी सहा-सात फुटांचा घेर असेल, तर वीस ते पंचवीस लिटर.

घेर दुप्पट झाला की पाण्याची गरज दुप्पट होत नाही, चौपट होते. इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. वीस झाडांना पहिल्या उन्हाळ्यात रोज शंभर लिटर पुरतात. तीच झाडे तिसऱ्या उन्हाळ्यात पाचशे लिटर मागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे एकशे दहा दिवस धरले, तर पहिल्या वर्षी अकरा हजार लिटर, म्हणजे साधारण एका मोठ्या टँकरइतके पाणी, आणि तिसऱ्या वर्षी पंचावन्न हजार लिटर. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच टँकरने येते, तिथे पंचवीस झाडे लावून वीस गमावण्यापेक्षा आठ लावून आठ जगवलेली बरी. चिंच, कडुलिंब, करंज, जांभूळ अशी काटक झाडे निवडली, तर तिसऱ्या वर्षीचा भारही खूप हलका होतो.

मूळ कुठे आहे?

रोपवाटिकेतून आणलेले कलम पिशवीत वाढलेले असते. पिशवी फाडली की जो मातीचा गोळा हातात येतो, ती हुंडी. लावणीनंतर पहिले काही आठवडे झाडाची सगळी मुळे या वीतभर रुंद हुंडीतच असतात. बाहेरची माती कितीही ओली असली, तरी ती झाडाच्या उपयोगाची नसते.

त्यातही एक गोम आहे. रोपवाटिकेतली माती हलकी, शेणखत-वाळू मिसळलेली असते. खड्ड्याभोवती काळी, चिकण माती असेल, तर या दोन मातींत पाणी सहजासहजी इकडून तिकडे जात नाही. त्यामुळे आळे ओले चिंब दिसते आणि मधली हुंडी मात्र कोरडी ठणठणीत असते. झाड मान टाकते, आपण आणखी पाणी ओततो, तेही बाजूला मुरते. पाणी देऊनही रोप वाळले, असे जे आपण ऐकतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

म्हणून दोन नियम. लावणीच्या दिवशी दहा-पंधरा लिटर पाणी हातानेच, सावकाश, हुंडीवर आणि भोवती ओतावे. त्याने माती बसते आणि मुळांशेजारच्या पोकळ्या भरतात. हे काम ठिबकाच्या थेंबांनी होत नाही. दुसरे म्हणजे, ताज्या लावणीत तोटीचे पाणी हुंडीवरच पडले पाहिजे, पण खोडाला लागता कामा नये. खोडापासून चार बोटे अंतरावर, समोरासमोर दोन तोट्या, हे योग्य.

खोड सतत ओले राहिले तर साल कुजते. लिंबू, संत्रे, मोसंबी यांना डिंक्या रोग याच वाटेने लागतो, आणि पपईचे बूड तर चार दिवसांत सडते. कलमाचा जोड नेहमी मातीच्या वर आणि कोरडा असावा.

साहित्याची यादी

वीस झाडांसाठी फार सामान लागत नाही. झाकण असलेली ५०० लिटरची काळी टाकी, ती ठेवायला भक्कम ओटा, टाकीच्या तळापासून चार बोटे वर बसवलेला कॉक, त्यापुढे जाळीचा फिल्टर, मग मुख्य नळी आणि तिच्यातून निघणाऱ्या १६ मिलिमीटरच्या काळ्या उपनळ्या. उपनळीत छिद्र पाडायचा पंच, तोट्या, जोडण्या, टोकाला लावायच्या टोप्या आणि नळी जमिनीला धरून ठेवायला जाड तारेचे आकडे.

टाकी आणि नळी काळीच घ्यावी, त्याला कारण आहे. पांढऱ्या नळीत उजेड शिरतो, आत शेवाळ धरते आणि तोट्या बुजतात. कॉक तळाच्या वर ठेवायचा तो गाळ खाली बसावा म्हणून. आणि फिल्टर वगळून पैसे वाचवण्याचा विचार मुळीच करू नये. नळाचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात बारीक रेती असते, आणि तोटीची वाट सुईच्या नेढ्याएवढी असते.

तोट्यांवर तासाला २, ४ किंवा ८ लिटर असे लिहिलेले असते. नव्या झाडांना ४ लिटरच्या, उघडून साफ करता येतील अशा तोट्या घ्याव्यात. पन्नास-शंभर तोट्यांत चार-सहा जादा घेऊन ठेवाव्यात; ऐन मे महिन्यात तालुक्याच्या गावी जाण्याची वेळ येत नाही.

टाकीची उंची आणि तोटीचा आकडा

तोटीवर लिहिलेला आकडा एका ठरावीक दाबाचा असतो. तो दाब म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा. आपली टाकी इतकी उंच नसते. टाकी अडीच मीटरवर असेल, तर साध्या तोटीतून लिहिल्याच्या निम्मेच पाणी येते. एक मीटरच्या ओट्यावर असेल तर जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ४ लिटरची तोटी तासाला सव्वा लिटरच्या आसपास देते. “दोन तास ठिबक चालवले, आठ लिटर गेले,” असे आपण धरून चालतो, आणि झाडाला मिळालेले असतात अडीच लिटर.

म्हणून मोजून पाहावे. तोटीखाली वाटी ठेवा आणि पंधरा मिनिटांनी त्यातले पाणी मापाच्या भांड्यात ओता. त्याला चाराने गुणले की तासाचा हिशेब मिळतो. ही तपासणी टाकीजवळच्या आणि सर्वांत लांबच्या, अशा दोन्ही झाडांवर करावी. दोन्हींत फार फरक असेल, तर उपनळी लांब झाली आहे किंवा उतार नडतो आहे. उताराच्या जमिनीत टाकी वरच्या अंगाला ठेवून उपनळ्या उताराला आडव्या टाकाव्यात. कमी दाबात वरच्या आणि खालच्या झाडात मीटर-दीड मीटरचा फरकही खालच्याला जास्त आणि वरच्याला कमी पाणी देतो.

बाजारात दाब कमी-जास्त झाला तरी सारखेच पाणी देणाऱ्या तोट्याही मिळतात. त्या पंपावर चालणाऱ्या बागेला उत्तम, पण ओट्यावरच्या टाकीला नकोत. फार कमी दाबात त्या नीट उघडतच नाहीत. टाकी अगदीच कमी उंचीवर असेल, तर तोटीऐवजी बारीक नळीचा हातभर तुकडा जोडण्याचीही पद्धत आहे. तिची वाट मोठी असते, त्यामुळे ती लवकर बुजत नाही.

मांडणी

आधी मुख्य नळी टाकून घ्यावी, मग झाडांच्या ओळीने उपनळ्या. उपनळी उन्हात तासभर पसरून ठेवली की मऊ होते आणि तिचे वेटोळे सुटते. तोट्या बसवण्यापूर्वी कॉक सोडून सर्व नळ्यांतून पाणी खळाळून वाहू द्यावे. छिद्रे पाडताना आत पडलेले प्लॅस्टिकचे कण आणि माती त्याबरोबर निघून जातात. मगच टोकाच्या टोप्या लावाव्यात.

नळी ताणून बांधू नये. काळी नळी दुपारच्या उन्हात लांबते आणि रात्री आखडते. ओळ मोठी असेल, तर तोटी तिच्या जागेवरून वीतभर सहज सरकते. मोठ्या झाडाला त्याचे काही नाही. पण ज्या रोपाचे सगळे मूळच वीतभर हुंडीत आहे, त्याच्यासाठी तोटी वीतभर सरकणे म्हणजे पाणी बंद होणे. म्हणून नळी थोडी सैल, नागमोडी सोडावी आणि प्रत्येक झाडाजवळ दोन्ही बाजूंना तारेचा आकडा ठोकून ती पक्की करावी.

यानंतर आच्छादन. उसाचे पाचट, वाळके गवत, पालापाचोळा, जे मिळेल ते चार-पाच बोटे जाडीने आळ्यात पसरावे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ओल धरून वाळवी आणि बुरशी येते. आच्छादन नसेल, तर दिलेल्या पाण्याचा मोठा वाटा ऊनच पिऊन टाकते.

किती वेळ चालवावे?

घड्याळ बघून ठरवण्यापेक्षा माती बघून ठरवावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तीच झाडाची आवडती स्थिती. मातीत ओल असावी आणि हवाही खेळती असावी. संध्याकाळी पाणी दिले असेल, तर सकाळी खुरप्याने हुंडीशेजारी वीतभर खोल उकरा. मातीची मूठ वळा. लाडू वळला आणि बोटाने दाबताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांतून चिखल निघाला, तर पाणी जास्त होते आहे. लाडू वळलाच नाही, तर कमी पडते आहे.

जमिनीप्रमाणे थेंबाची चालही बदलते. भारी काळ्या मातीत पाणी आडवे पसरते. तिथे एकदा पोटभर देऊन दोन-तीन दिवस थांबले तरी चालते. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत ते सरळ खाली जाते. तिथे रोज थोडे-थोडे द्यावे आणि दोनऐवजी चार तोट्या लावाव्यात.

लावणीनंतर पहिला महिनाभर, पाऊस नसेल तर, रोज थोडे पाणी हवे. त्यानंतर हळूहळू अंतर वाढवावे: एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि दर वेळी पाणी जास्त. वरची माती जरा सुकली की मूळ ओलीच्या शोधात खाली जाते. रोज घोटभर पाणी मिळत राहिले, तर ते वरच्या वीतभर मातीत रेंगाळते आणि एक दिवस पाणी चुकले तरी झाड कोमेजते. ऐन मे महिन्यात मात्र झाडाची सहनशक्ती पाहू नये.

वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची. दुपारी नळीत साठलेले पाणी चांगलेच तापते आणि तेच पहिल्यांदा मुळावर पडते.

तोट्या सरकवत राहा

आता आजच्या लेखातली मुख्य गोष्ट. पावसाळ्यात लावलेले रोप दिवाळीपर्यंत हुंडीच्या बाहेर मुळे सोडते. तेव्हा तोट्या खोडापासून वीत-दीड वीत लांब न्याव्यात. दुसऱ्या उन्हाळ्याआधी त्या हातभर अंतरावर, आणि दोनाच्या चार कराव्यात. तिसऱ्या वर्षी झाडाभोवती नळीचे कडे करून त्यावर सहा ते आठ तोट्या लावाव्यात. ढोबळ नियम असा, की दुपारी बाराला झाडाची सावली जिथे संपते, त्याच्या जरा आत तोट्या असाव्यात. अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळे त्या पट्ट्यात भरपूर असतात.

हे न केल्यास काय होते? खोडाजवळच्या एका ओल्या ठिपक्यातच मुळांचा गुंता होतो. झाड वरून डेरेदार होते, पण खाली त्याला पाय पसरायला जागा मिळालेली नसते. वळवाच्या वादळात अशी झाडे कलंडतात. आणि पाणी चार दिवस बंद पडले, तर कोमेजणारी पहिली झाडे तीच असतात.

सरकवण्यासाठी वर्षातले दोन दिवस ठरवून टाकावेत. दिवाळीची सुट्टी आणि होळी हे सोयीचे. मुले त्या वेळी घरी असतात, आणि हे काम त्यांच्या हातचे आहे. आकडा उपटायचा, नळी पुढे घ्यायची, आकडा ठोकायचा. जुन्या छिद्राला बुजण्याची टोपी मिळते, ती लावावी.

आठवड्याची फेरी

ठिबकाचा एक तोटाही सांगायला हवा. कळशी घेऊन झाडाकडे जाणारा माणूस झाडाकडे बघत असे. पान वळले, खोडाला वाळवी लागली, शेंड्याला मावा आला, हे त्याला त्याच दिवशी कळे. कॉक फिरवणारा माणूस मात्र टाकीपाशीच थांबतो. एखादी तोटी बुजली, खारीने किंवा उंदराने नळी कुरतडली, तर ते कळते तेव्हा झाड वाळलेले असते.

म्हणून आठवड्यातून एक दिवस, ठिबक चालू असताना, प्रत्येक झाडापाशी जाऊन थेंब पडतो आहे का ते डोळ्यांनी पाहावे. त्याच दिवशी फिल्टरची जाळी धुवावी आणि उपनळ्यांच्या टोकाच्या टोप्या काढून मिनिटभर गढूळ पाणी जाऊ द्यावे. म्हाताऱ्या माणसांना वाकणे जमत नसेल, तर शेजारच्या शाळकरी पोराला ही फेरी नेमून द्यावी आणि त्याबद्दल त्याला खाऊचे पैसे द्यावेत. टाकीजवळ खिळ्याला एक वही टांगून तारीख, किती वेळ पाणी दिले आणि काय दिसले, एवढे लिहिले, तर दूर राहणाऱ्या मुलांनाही फोनवर नीट विचारता येते.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल, तर तोटीच्या तोंडावर पांढरी खर धरते. थोड्या तोट्या असतील, तर त्या उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालाव्यात आणि सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ कराव्यात. मोठ्या बागेत नळ्यांतून आम्ल सोडतात, पण ते काम माहितगाराकडूनच करून घ्यावे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

ठिबकाचा खर्च परवडत नाही. दुसरा उपाय?
मडके. खापराचे, आतून-बाहेरून लुकण न दिलेले, पाच लिटरचे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते. माती सुकली की जास्त, ओली असली की कमी. दोन-चार दिवसांनी पुन्हा भरावे. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही पद्धत सांगितली आहे.

सलाईनच्या रिकाम्या बाटल्या वापराव्यात का?
रुग्णालयातल्या वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या घरी आणू नयेत. तो वैद्यकीय कचरा आहे. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या टोपणाला बारीक छिद्र पाडून ती उलटी रोवली, तर दोन-तीन दिवस गावाला जाण्यापुरते काम होते. पूर्ण उन्हाळा त्यावर काढता येत नाही.

सरकारी अनुदान मिळते का?
सात-बारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला मिळते, घराच्या परसाला नाही. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान असते. काही राज्ये त्यात आपली भर घालतात. आधी कृषी कार्यालयात चौकशी करावी आणि मंजुरी हातात येण्यापूर्वी खरेदी करू नये.

रस्त्याच्या कामामुळे हलवलेल्या मोठ्या झाडाला कसे द्यावे?
अशा झाडाची बहुतेक लांब मुळे तुटलेली असतात, आणि जी उरतात ती त्याच्याबरोबर आलेल्या मोठ्या हुंडीत असतात. म्हणून हुंडीच्या माथ्यावर दोन कडी करून आठ-दहा तोट्या लावाव्यात आणि हुंडीच्या आत बोट खुपसून ओल तपासावी. नवी पाने आली म्हणजे झाड लागले, असे समजू नये. ती खोडातल्या साठ्यावरही येतात. अशा झाडाला निदान दोन उन्हाळे सांभाळावे लागते.

पाणी कधी थांबवावे?
कडुलिंब, करंज, चिंच, जांभूळ यांना दोन उन्हाळे पुरेत. तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा भरपूर देऊन त्यांची सवय मोडावी. आंबा, चिकू यांना चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत उन्हाळ्यात पाणी हवे. बहरासाठी ताण देण्याची पद्धत फळावर आलेल्या झाडांसाठी आहे. लहान झाडाला कधीही ताण देऊ नये. लिंबू-संत्र्याला पाणी कायमच लागते.

पावसाळ्यात ठिबक काढून ठेवावे का?
पहिल्या वर्षी नको. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडतेच, आणि नुकत्याच लावलेल्या रोपाला ती उन्हाळ्याइतकीच जड जाते. नंतरच्या वर्षी नळ्या गुंडाळून सावलीत, उंदरांपासून दूर ठेवल्या, तर जास्त वर्षे टिकतात.

यंदा झाडे लावायचा विचार असेल, तर आजच टाकीला लागलेली वाटी आणि घड्याळ घेऊन आपल्या घरचे पाणी मोजा. त्या आकड्याला पाचाने भागले, की पहिल्या उन्हाळ्यात किती झाडे जगवता येतील ते कळेल. तिसऱ्या उन्हाळ्यासाठी पंचविसाने भागा. दुसरा आकडा फारच लहान निघाला, तर काटक झाडे निवडा किंवा खड्डे कमी करा. तेवढेच खड्डे खणा, बाकीची रोपे शेजाऱ्याला द्या. त्याच्या विहिरीला पाणी असेल, तर ती तिथे वाढतील.